न तपासलेला टँकर

अर्धा तास होऊन गेला तरी काचेच्या भांड्यातला गाळ खाली बसेना. वर नितळ पाणी दिसायला हवं होतं, तिथे नुसता दुधट गढूळपणा. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातल्या सर्वांत जुन्या ऑपरेटर मावशी इंजिनियरसाहेबांकडे वळल्या.

"टाकीतले जंतू मेलेत, साहेब."

यंत्रं कितीही मोठी असोत, खरं काम करतात ते हे डोळ्यांना न दिसणारे जीव. अख्ख्या शहराची घाण ते फस्त करतात आणि पगारवाढही मागत नाहीत. बावीस वर्षं मावशींनी त्यांना वेळच्या वेळी हवा दिली, त्यांचे नखरे सांभाळले. माझंसुद्धा इतकं केलं नसेल, असं त्यांची लेक म्हणायची.

"कशानं मेले?" तरुण इंजिनियरसाहेबांनी विचारलं.

"माझ्यामुळे. काल संध्याकाळी टँकर आला. ड्रायव्हर ओळखीचा. घरांच्या शौचटाक्यांतला मैला आहे म्हणाला, आणि मी नमुना न घेताच ओतू दिला. कारखान्याचं ॲसिड असणार त्यात."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हे बघा मावशी, पंप बिघडला असं लिहू. पाणी द्या नदीत सोडून. कुणाला कळतंय?"

"खाली लोक पितात ते."

"नोकरी जाईल तुमची!"

नोकरीपेक्षा मावशींना नाव जाण्याची भीती होती. खालच्याच गावात लेक दिलेली. 'आमच्या सुनेची आई नदी राखते,' असं विहीणबाई गल्लीभर सांगत फिरायच्या. आता त्याच गल्लीत विहीणबाईंना तोंड लपवावं लागणार, या विचारानं मावशींना रडू फुटायचं बाकी होतं.

तरी त्या उठल्या. चाक फिरवून नदीकडचं दार बंद केलं, येणारं मैलापाणी राखीव टाकीकडे वळवलं आणि खालच्या गावच्या पाणीपुरवठ्याला फोन लावला. "नदीचं पाणी उचलू नका. रात्रभर आमच्याकडून वाईट पाणी आलंय. चूक माझी आहे." नोंदवहीतही तेच लिहिलं आणि खाली सही केली. साहेब बघत राहिले. मग शेजारच्या शहराच्या केंद्रातून जिवंत जंतूंचा गाळ आणायला स्वतःच निघाले.

चौकशी लागली. टँकर उतरवून घेण्याचं काम मावशींकडून काढून घेतलं गेलं. राखीव टाकी काठोकाठ भरत आली होती, तेवढ्यात नवा गाळ रुळला. चौथ्या दिवशी पाणी तपासणीत पास झालं आणि नदीकडचं दार उघडलं.

पाचव्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन आला.

"चार दिवस बाहेरच्या पाण्यावर काढलेत आम्ही. तुमची चूक होती म्हणे?"

"हो."

"पाणीपुरवठ्याचा माणूस सांगत होता. तुम्हीच फोन केलात, हेही म्हणाला." फोनमध्ये नळाची धार ऐकू आली. "आत्ता नळ आलाय. पेला भरून हातात घेतलाय. तो म्हणतो, प्या. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"थांबा हं," म्हणत मावशींनी चष्मा लावला आणि सकाळच्या तपासणीचे आकडे पुन्हा एकदा, एकेक करून वाचले.

"प्या, विहीणबाई."

पलीकडून घोट ऐकू आले. मग रिकामा पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.