पुटपुटणाऱ्या ओठांचं कोडं

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. पण चुलीतला निखारा धरणारा नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर माझ्या तोंडात सुई धरून टाके घालतात. पोलादाच्या तुकड्यातून मला घडवलं, घासूनपुसून चकाकवलं आणि पुण्याच्या दुकानातून मी पिरंगुटच्या एका लहानशा दवाखान्यात आलो. साल असेल एकोणीसशे एकसष्ट.

तिथले मोठे डॉक्टर म्हणजे हैबतराव. शेतकऱ्याच्या घरातले, हात मात्र सोनाराचा. त्यांच्या हाताखाली शिकायला नुकताच डॉक्टर झालेला वाल्मीक आला. मला भारी कुतूहल, की एका हातातली कला दुसऱ्या हातात जाते तरी कशी? म्हणून मी त्याच्यावर डोळा ठेवला. हैबतराव बाह्या दुमडत तशाच तो दुमडी. ते घसा खाकरत, तर हाही खाकरे. साळूबाई, म्हणजे आमची परिचारिका, पदराआड हसायची.

टाके घालताना हैबतरावांच्या तोंडावरची पट्टी सारखी हलायची. ते ओठांत काहीतरी पुटपुटत. वाल्मीकनं ठरवून टाकलं, की साहेब देवाचं नाव घेतात. मग तोही टाके घालताना रामनाम घेऊ लागला. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

एके दिवशी हैबतराव पुण्याला गेले होते आणि नेमका म्हसू धनगर आला. शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून खुंटावर पडला होता. मांडी खोलवर फाटलेली. त्याची बायको बानूबाई एवढंच म्हणाली, "पाय वाचवा. मेंढरामागं चालनारा ह्यो एकलाच हाय."

वाल्मीकनं मांडी बधिर केली, जखम धुतली आणि मला हातात घेतलं. रामनाम चालूच. टाके असे सरळ पडले, की मला अभिमान वाटला. बाहेर जाऊन त्यानं बानूबाईला सांगितलं, "झालं, पाय वाचला." तिनं हात जोडले.

आत साळूबाई रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या मोजत होती. तिचा चेहरा उतरला. "बारा दिल्या हुत्या. अकराच हायेत."

खोलीभर शोधलं. घडी कुठंच नव्हती. ती मांडीतच राहिली होती. वाल्मीक घामानं निथळला. टाके इतके सुंदर होते, आणि बाहेर ती बाई हात जोडून बसली होती. गप्प राहिलं तर आज कुणाला कळलं नसतं. चार दिवसांनी पाय सडला असता, तेव्हा कळलं असतं. मला त्याची भीती वाटली आणि दयाही आली.

तो बाहेर गेला. "बानूबाई, माझी चूक झाली. कापड आत राहिलंय. टाके उसवून पुन्हा घालावे लागतील."

तिनं जोडलेले हात सोडले. "तुमीच सांगितलंत नव्हं? मग तुमीच काढा. बिगी बिगी जावा."

बधिरपणा उतरायच्या आत घडी निघाली. या वेळी माझी मूठ त्याच्या घामानं ओली झाली होती, तरी पकड सुटली नाही.

संध्याकाळी हैबतराव परतले. वाल्मीकनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "साहेब, मी तुमच्यासारखंच देवाचं नाव घेत होतो."

"देवाचं नाव?" हैबतरावांना आधी हसू फुटलं, मग ते खाली बसले. "अरे, मी घड्या मोजतो. आमच्या खळ्यावर धान्य मोजतात तशा. एकाला म्हणायचं लाभ, मग दोन, तीन..." त्यांनी वाल्मीकला शेजारी बसवलं. "तू माझ्याकडं बघतोस हे मला ठाऊक होतं. काय बघतोस, ते मी कधी विचारलं नाही. चूक माझीपण आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते मोठ्यानं मोजू लागले. महिन्यानं म्हसू स्वतःच्या पायांनी चालत आला. पुढं वाल्मीक मोठा सर्जन झाला. त्याच्या हाताखालची पोरं त्याच्यासारख्या बाह्या दुमडायची, घसाही खाकरायची. पण आधी घड्या मोजायची, तीही खणखणीत आवाजात.

आता माझी खीळ सैल झाली आहे. मी कपाटात पडून असतो. कधी पुसलंत तर बरं वाटेल, गंज फार लवकर चढतो. पण मित्रांनो, एक मात्र कराच. ज्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, त्याला विचारा, "तुम्ही ओठांत काय म्हणता?" मीही ते ओठ कित्येक महिने बघत होतो. मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.