दामोदरन मास्तरांच्या कानातला डूल

मी एक जुना डूल आहे. सोन्याचा नाही, चांदीचा नाही, नारळाच्या करवंटीचा. कुठल्या बाईने मला कधी हौसेने घातलं नाही. मी आयुष्यभर म्हाताऱ्या पुरुषांच्या कानात लोंबलो, आणि तेही त्यांच्या मनाविरुद्ध. हसलात ना मित्रांनो? खुशाल हसा. लोकांनी हसावं म्हणूनच मला बनवलं आहे.

आमचं गाव कुट्टनाडात, कालव्याच्या काठावर. तिथल्या वाचनालयाच्या पडवीत रोज दुपारी चारला सहा निवृत्त माणसं जमत. सकाळी याच पडवीत वर्तमानपत्रं वाचून त्यांनी एखादं सरकार पाडलेलं असे. दुपारी मात्र राजकारण बंद, दुपारी फक्त छप्पन्न. हा आमच्याकडचा पत्त्यांचा खेळ. तीन भिडू एका बाजूला, तीन दुसऱ्या. दोन जोड एकत्र करून त्यातली वरची पानं तेवढी घ्यायची. त्या सगळ्या पानांचे मिळून गुण छप्पन्न. एकाने बोली लावायची की आम्ही इतके गुण करू. केले तर वाहवा, नाही केले तर बोली लावणाऱ्याच्या कानात डूल.

पूर्वी हा डूल म्हणजे फणसाच्या पानाची गुंडाळी असे. पण पान सुकायचं, आणि हरलेला गडी "अरेच्चा, वाऱ्याने गेलं वाटतं!" म्हणून मोकळा व्हायचा. पाप्पच्चनला हे खपेना. पाप्पच्चन सरकारी प्रवासी बोटीवर तांडेल होता. तीस वर्षं एकाच कालव्यातून बोट नेऊन-आणून तो निवृत्त झाला आणि त्याच्या हातांना काम उरलं नाही. त्याने एक करवंटी फोडली, तिचा एक गोल तुकडा काचेने घासून गुळगुळीत केला, तापल्या खिळ्याने भोक पाडलं आणि कानात अडकवायला काथ्याचा फास घातला. "आता हा वाऱ्याने उडवून दाखवा," तो म्हणाला. त्या दिवशी पहिल्याच डावात तो स्वतः हरला. म्हणजे माझा पहिला कान माझ्या बापाचाच.

माझे नियम तेव्हाच ठरले. एकदा मी कानात आलो की स्वतः बोली लावून जिंकल्याशिवाय सुटका नाही. दया नाही, माफी नाही. तोवर दुसरं कुणी हरलं, तर त्याने फणसाच्या पानावर भागवायचं. खेळ संपला की मला पडवीतल्या खिळ्याला टांगायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कानात. आणि सगळ्यात कडक नियम हा, की ज्याच्या नावावर मी आहे त्याने दुसऱ्या दिवशी आलंच पाहिजे. पाऊस असो, ताप असो, घरी पाहुणे असोत. एकदा कुरुप तापाने फणफणला होता, तरी कांबळं पांघरून आला आणि कण्हत कण्हत बोली लावून सुटून गेला.

हा कुरुप म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमन. लोकांची पत्रं वाटता वाटता त्याला लोकांच्या घरातल्या बातम्या तोंडपाठ झाल्या होत्या. एकदा त्याच्या नातीला बघायला येणारे पाहुणे चुकून आधी वाचनालयातच उतरले. हा गडबडीने उठला आणि हात जोडून पुढे झाला. मी त्याच्या कानात हलतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मुलाच्या आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "कितीची बोली होती?"

"छत्तीसची," कुरुप म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

"भिडू बेकार असणार," पाहुणे म्हणाले आणि चपला काढून खेळायलाच बसले. लग्न जमलं. त्या लग्नात माझं इतकं कौतुक झालं म्हणे, की सांगता सोय नाही. मी उगाच फुशारकी मारत नाही, पण जेवणाच्या पंगतीत नवऱ्यामुलापेक्षा माझीच चर्चा जास्त होती.

मी सगळ्यांच्या कानात राहिलो. आखातात वीस वर्षं भटारखाना सांभाळून आलेल्या मोइदीनिक्काच्या, म्हणजे मोइदीनदादाच्या, कानाला मसाल्याचा वास येई, आणि रोज सगळ्यांसाठी पिकल्या केळ्याची भजी आणणाराही तोच. एकच कान मला अकरा वर्षांत मिळाला नाही. तो म्हणजे दामोदरन मास्तरांचा. मास्तरांनी शाळेत गणित शिकवलं होतं. कुठलं पान पडलं आणि कुठलं कुणाच्या हातात आहे, हे त्यांच्या डोक्यात फळ्यावर लिहिल्यासारखं असे. बोली लावली की ती पुरी करायची आणि चष्मा पुसत म्हणायचं, "सोपं उदाहरण होतं." मला त्यांचा फार राग यायचा. हा कान एकदा तरी मिळू दे, असं मी मनात म्हणत असे. मित्रांनो, कुणाचं वाईट चिंतू नये हे मला तेव्हा कळत नव्हतं.

एके दिवशी मास्तरांनी चाळीसची बोली लावली. हुकूम बदाम. दोन जोडांत बदामाचे गुलाम दोन, आणि गुलाम म्हणजे आमच्या खेळातलं सगळ्यात मोठं पान. एक पडला होता. मास्तरांना वाटलं, दोन्ही पडले. त्यांनी ऐटीत गुलामाखालोखालची नव्वी टाकली आणि कुरुपने तिच्यावर दुसरा गुलाम ठेवला.

पडवीत एकच कल्ला झाला. पाप्पच्चनने मला खिळ्यावरून काढून, वाजतगाजत मिरवत आणून मास्तरांच्या डाव्या कानात अडकवलं. मास्तरही हसले. "अकरा वर्षांत एक चूक," ते म्हणाले. "शंभरपैकी नव्व्याण्णव गुण आहेत माझे अजून."

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हरले, आणि तिसऱ्या दिवशीही. एकदा उतारी कुणाची हे विसरले. एकदा हुकूम कोणता ते तीनदा विचारलं. एकदा मोइदीनिक्काला "तुम्ही शाळेत कुठला विषय घेत होता?" असं विचारून बसले. आठवडाभरात हसणं थांबलं. माणसं एकमेकांकडे बघायची आणि मुकाट पानं उचलायची. मला हवा होता तो कान मिळाला होता, पण त्यात बसून मला जराही बरं वाटत नव्हतं.

कुरुपला ते बघवेना. एका डावात मास्तरांची बोली पुरी होईल अशा बेताने त्याने हातातला गुलाम दाबून ठेवला आणि राणी टाकली. पण त्या दिवशी मास्तरांचं डोकं लख्ख होतं. त्यांनी पानं खाली ठेवली.

"कुरुप, तुझ्याकडे गुलाम होता."

"नव्हता हो मास्तर."

"होता. दाखव हातातली पानं."

कुरुपने मान खाली घातली. मास्तर उठून उभे राहिले. "चौतीस वर्षं मी पेपर तपासलेत. वाढवून दिलेले गुण मला लांबून ओळखू येतात. माझी कीव करायला जमता काय रे तुम्ही इथे? मी उद्यापासून येणार नाही." आणि ते तडक घरी निघाले. रागाच्या भरात मला खिळ्यावर टांगायचं राहून गेलं. मी पहिल्यांदाच पडवीबाहेर पडलो, तो असा.

मास्तरांच्या बायकोने, भार्गवीअम्मांनी, दार उघडलं. नवऱ्याच्या कानात करवंटीचा डूल बघून दुसरी कुणी हसली असती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना बसवलं, काळा चहा दिला आणि कानाला हात लावला नाही. आंघोळीपुरतं त्या मला काढून देवाच्या फळीवर ठेवत आणि पुन्हा होतो तिथे अडकवत. "कुणाची वस्तू हरवायला नको," असं म्हणत.

त्या घरात मला एक गोष्ट कळली, जी पडवीत कुणालाच माहीत नव्हती. मास्तर रोज संध्याकाळी एका वहीत पाच नावं लिहीत. पाप्पच्चन, बोट. कुरुप, पोस्ट. मोइदीन, भटारखाना. असं पाचही जणांचं. लिहून झालं की वही मिटून स्वतःशीच म्हणून बघत. म्हणजे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, की आपलं काहीतरी निसटत चाललंय. पाचव्या दिवशी मोइदीन या नावापुढे त्यांना काही लिहिता येईना. पेन हातात धरून ते दिवेलागणीपर्यंत तसेच बसले. मी त्यांच्या कानापाशीच होतो, पण मला सांगता येत नव्हतं. ती संध्याकाळ मला अजून आठवते.

सहाव्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसले असताना त्यांचा हात सहज कानाकडे गेला.

"हे काय आहे गं?"

"डूल. तुम्ही हरलात," भार्गवीअम्मा म्हणाल्या.

"मी? मग आज जायला हवं. किती वाजले?"

"तुम्हीच म्हणालात ना, आता जाणार नाही म्हणून."

"मी असं कशाला म्हणेन?" मास्तर चिडून म्हणाले. "डूल कानात असताना घरी बसतात होय? पळपुटा म्हणतील मला. माझी छत्री कुठे आहे?"

भांडण ते साफ विसरले होते. मी कानात होतो, म्हणून खेळ तेवढा उरला होता. चारच्या ठोक्याला ते पडवीत हजर झाले आणि नेहमीच्या जागेवर बसले. बाकीचे पाचजण बघतच राहिले. भार्गवीअम्मा मागोमाग आल्या होत्या. त्यांनी पाप्पच्चनला कालव्याकडे बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर यायच्या आधी पाप्पच्चनने सगळ्यांना गोळा केलं.

"आजपासून कुणी त्यांना जिंकू देणार नाही," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?" कुरुप उसळला. "तो माणूस आजारी आहे."

"म्हणूनच! जिंकले की डूल निघाला. डूल निघाला की उद्या घरातून कशासाठी निघतील? लबाडी करायची नाही. त्यांना ती कळते, आणि ती तुला जमतही नाही. पण खेळायचं ते जीव तोडून. तुझ्या बापाशी खेळल्यासारखं नाही, तुझ्या साडूशी खेळल्यासारखं!"

"आणि मी?" मोइदीनिक्का म्हणाला. "मी तर त्यांचा भिडू."

"तू सरळ खेळ. तू सरळ खेळलास की आपोआप हरतोस."

मित्रांनो, पुढच्या तीन महिन्यांत पडवीत जो खेळ झाला, तसा मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. ही माणसं पानन् पान लक्षात ठेवू लागली. कुरुप तर डाव झाल्यावर घरी जाऊन पुन्हा मांडून बघायचा म्हणे. मास्तर रोज हरत, रोज हळहळत आणि रोज उठताना म्हणत, "उद्या बघतो तुम्हाला." मी आता खिळ्यावर टांगला जात नव्हतो. मला मास्तरांच्या कानातच घरी पाठवायचं, असं ठरलं होतं. रोज दुपारी त्यांचा हात माझ्याकडे येई आणि ते छत्री शोधू लागत.

मग एक दिवस मास्तरांना पानं फार सुरेख आली. चष्म्याआड त्यांचे डोळेही त्या दिवशी पूर्वीसारखे लख्ख होते. त्यांनी बेचाळीसची बोली लावली. पाप्पच्चन आणि कुरुपने जंग जंग पछाडलं. पण मास्तर एकेक पान असं टाकत होते, जणू उत्तर आधीच काढून ठेवलं आहे. शेवटचा हात त्यांनी उचलला, गुण मोजले गेले. बेचाळीसला बेचाळीस.

"सोपं उदाहरण होतं," मास्तर म्हणाले.

कुणी टाळी वाजवली नाही. मोइदीनिक्काच्या हातातलं भजं तसंच राहिलं. नियम म्हणजे नियम. पाप्पच्चन जड पावलांनी उठला आणि मला काढायला त्याने हात पुढे केला. त्याची बोटं माझ्या काथ्याला लागली. त्यानेच मला घडवलं होतं, आणि त्या वेळी आम्हा दोघांनाही एकच भीती वाटत होती.

मास्तरांनी कानावर तळहात ठेवला. मी त्या हाताखाली झाकलो गेलो.

"राहू दे रे पाप्पच्चा."

"मास्तर, तुम्ही जिंकलात. सुटलात."

"तीन महिने तुम्ही कसे जीव तोडून खेळताय, ते मला दिसत नाही होय?" मास्तर म्हणाले. "आज कळतंय, तोवर सांगून ठेवतो. मला सोडवू नका. हा नसला तर उद्या मला कोण आठवण करणार, की माझी इथे वाट बघतात?"

पाप्पच्चनने हात मागे घेतला आणि खाली बसून पत्ते पिसायला घेतले.

आता मास्तरांना पानं धरता येत नाहीत. गुलाम कोणता आणि राजा कोणता, हेही बऱ्याचदा कळत नाही. त्यांच्या वहीत आता एकही नाव नाही. मीही झिजलोय, माझा काथ्या तीनदा बदलला. पण दुपार झाली की त्यांचा हात कानाकडे येतो आणि मी तिथे असतो. भार्गवीअम्मा छत्री देतात. पडवीत त्यांची जागा रिकामी ठेवलेली असते आणि त्यांच्या वाटची पानंही वाटलेली असतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शेजारी, गल्लीत कुणीतरी म्हातारं माणूस खुर्चीत बसून असेल. त्याची कीव करू नका, त्याला खोटं जिंकू देऊ नका. त्याच्यासमोर बसा, मनापासून खेळा आणि चांगलं सणसणीत हरवा. आणि उठताना एवढं सांगायला विसरू नका, की उद्या चारला या, तुमचा डाव अजून बाकी आहे.