अर्धा भरलेला फोन

"दाराआडचं बोलणं, कानाआडचं हसणं,
लेकी, सासरी ओळखावं, आपलं कुठं बसणं."

माहेरची आई शिवणयंत्राच्या पायडलवर पाय हलवत हे म्हणायची. सुई कापडातून धावायची, तिच्या मागून आईचा आवाज. लेक खाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि अर्थ न कळता दुसरी ओळ पुरी करायची. आई जाऊन किती वर्षं झाली. पण इस्पितळाच्या लांबलचक ओसरीत, फोनांच्या कपाटासमोर उभी राहिली की आता स्वतः शिंपीणबाई झालेल्या त्या लेकीच्या कानात तोच आवाज उठायचा.

कपाट मोठं गमतीचं होतं. खुराड्यासारखे खण, प्रत्येक खणाला छोटं दार, आत एक वायर. खाटांशेजारचे प्लग यंत्रांसाठी राखलेले, तिथं फोन लावायचा नाही असा इस्पितळाचा दंडक. मग रुग्णांचे, नर्सबाईंचे, झाडूवाल्यांचे, सगळ्यांचे फोन एकाच कपाटात. वरची ओळ कामगारांची, खालच्या ओळी रुग्णांच्या. किल्ल्यांचा जुडगा होता वायरमामांकडे. हे पूर्वी लिफ्ट चालवायचे; लिफ्ट आपोआप चालायला लागली तेव्हा त्यांना कपाटापाशी बसवलं. फोन आला की वॉर्डातली पांढरी चिकटपट्टी कात्रीनं कापायची, तिच्यावर खाटेचा नंबर घालायचा, फोनच्या पाठीला चिकटवायची आणि आणून देणाऱ्याच्या हातात खणाचा बिल्ला ठेवायचा, ही त्यांची रीत.

"मामा, हा फोन पुन्हा अर्धाच भरलाय," शिंपीणबाई म्हणाली. "आणि गरम आहे. तव्यासारखा."

"जुना झालाय बाई. म्हाताऱ्या माणसासारखं, खाल्लेलं अंगी लागत नाही."

"घरी तर लागायचं."

"घरचं ते घरचं." मामांनी हसत पुढच्या माणसाचा बिल्ला घेतला.

तिला ते हसणं आवडलं नाही. तोंडावर हसणारा, हातात सगळ्यांच्या किल्ल्या. दुपारी भेटायला आलेल्यांना बाहेर काढतात, संध्याकाळी परत आत घेतात. मधल्या वेळात हा माणूस एकटा आणि कपाटभर फोन. मांजराला दुधाची राखण.

फोन सासूबाईंचा होता. न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पायाला वजन बांधून छताकडे बघत पडलेल्या. आधी खिडकीपाशी सात नंबरला होत्या; मग रात्री कण्हतात म्हणून नर्सबाईंनी आपल्या टेबलाजवळ, बारा नंबरला आणलं.

"फोन आला होता का त्यांचा?" शिंपीणबाईनं उशी सारखी करता करता विचारलं.

"कुणाचा?"

"तुमच्या लेकाचा."

"त्याला आईची आठवण आली तर येईल," सासूबाई छताला म्हणाल्या. "मी नाही करायची. ज्याची तहान त्यानं विहिरीकडे यावं."

लेक दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा. तो बोलायला लागला की समोरच्यानं नुसतं 'हं' म्हणायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा बायको फोन ओट्यावर ठेवून कपडे वाळत घालून आली होती, तरी त्याचं चालूच होतं.

त्या संध्याकाळी त्याचा फोन बायकोला आला. मागे बंदराचा गोंगाट, भोंगे, साखळ्या.

"आईशी बोलणं झालं माझं. ती तयार आहे."

"कशाला तयार?"

"समोरच्या खोलीला. आता तिला जिना जमणार नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. घरी आली की खालीच लागेल. तुझी मशिनं मागच्या शेडमध्ये नेऊ. शनिवारी माझा मित्र टेम्पो घेऊन येईल."

ती पायरीवर बसलीच. समोरची खोली म्हणजे तिचं शिवणाचं दुकान. रस्त्याकडे उघडणारं दार, उजेडाची खिडकी, दोन मशिनं, भिंतीवर टांगलेले अर्धवट झगे. त्या दारातून बायका आत यायच्या, माप द्यायच्या, सुखदुःखही देऊन जायच्या. मागच्या शेडमध्ये ना उजेड ना वाट. तिथं कोण येणार, उंदीर?

"आई म्हणाल्या असं?"

"हो म्हणाली. रोज बोलतोय आम्ही. तुला नाही सांगितलं तिनं?"

"नाही."

"सांगेल की. पाय दुखतोय बिचारीचा. चल, शिट्टी झाली."

रोज बोलतोय. आणि सासूबाई म्हणतात, त्याला आठवण आली तर येईल.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा डोळा लागल्यावर तिनं त्यांचा फोन उघडला. असं तिनं कधी केलं नव्हतं; बोटं चोरासारखी चालली. आलेल्या फोनांत नवऱ्याचं नाव. कालही, परवाही, त्याच्या आदल्या दिवशीही. सगळे दुपारचे, सगळे उचललेले, सगळे लांबलेले. भेटणाऱ्यांना बाहेर काढल्यावरचे.

म्हणजे असं आहे तर. फोन कपाटात आहे असं मला दाखवायचं आणि मामाकडून गुपचूप मागवून घ्यायचा. खोलीचा निकाल लावायचा आणि माझ्यासमोर छताशी गप्पा मारायच्या.

सासूबाई जाग्या झाल्या तेव्हा ती त्यांच्या केसांची वेणी घालायला बसली. वेणी जरा घट्टच आली.

"हळू गं. डोकं माझंच आहे."

"माहितेय. डोक्यात काय आहे ते तेवढं कळत नाही."

"काय झालं?"

"काही नाही. पाय बरा झाला की खाली राहायला आवडेल ना तुम्हाला? उजेड आहे. वारा आहे."

"मला विचारून कोण काय करतंय?" सासूबाई म्हणाल्या.

बघा, किती भोळ्या. शिंपीणबाईनं गाठ मारली आणि दोरा तोडावा तसं बोलणं तोडलं.

घंटा झाली, भेटणारे बाहेर पडले. ती आज पडली नाही. फोन वायरमामांच्या हाती दिला, बिल्ला घेतला आणि ओसरीच्या टोकाला, धुवायच्या चादरींच्या ढकलगाडीमागं जाऊन उभी राहिली. कापड बेतून शिंप्याला उभं राहायची सवय असते, पण लपून उभं राहायची नसते. आपलाच श्वास तिला मोठा वाटत होता.

मामा बराच वेळ काही करेनात. चष्मा पुसला. एका नर्सबाईला तिचा फोन दिला, "लेकरू झोपलं का तुमचं?" म्हणून विचारलं. मग एकेक खण उघडून चार-पाच फोन ट्रेमध्ये घेतले आणि वॉर्डात शिरले. शिंपीणबाई भिंतीच्या कडेकडेनं मागं.

मामा प्रत्येक फोन पाठीवर उलटा करायचे, पट्टी बघायचे, खाटेवर ठेवायचे. "घ्या, पोट भरलं ह्याचं." पुढची खाट. "घ्या आजोबा, आता नातवाला त्रास द्या." बारा नंबर आला. तिनं दारातून मान पुढं काढली. आता पकडते.

मामा बारा नंबरवरून सरळ पुढं गेले. सासूबाई छताकडे बघत होत्या. कुणी गेलं हेही त्यांनी बघितलं नाही.

मामा खिडकीपाशी गेले. सात नंबरला हिरवा पडदा ओढलेला होता. तो बोटभर सारून त्यांनी फोन आत दिला. "आला बघा तुमचा."

"आण," आतून आवाज आला. आवाज कसला, कागद चुरगळल्यासारखी कुजबूज.

शिंपीणबाईनं परत येणाऱ्या मामांची बाही धरली. "तो माझ्या सासूचा फोन आहे."

"छे. पट्टी सात म्हणते."

"सात नंबरला त्या आधी होत्या. आता बाराला आहेत."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "माणूस हलवला तर पट्टी बदलायला कुणी सांगायचं? खाट तर तिथंच आहे." मग त्यांना स्वतःलाच ते पटेना. "त्या म्हाताऱ्या बाई तर रोज मागतात हो. आणला का, आणला का म्हणून. तासाभरानं परत पाठवतात, अजून भरला नाही, लाव म्हणतात. मला वाटलं, त्यांचाच."

पडद्याआड फोन वाजला. ते दोघंही जागीच थांबले.

"हं. बोल बाळा."

मग बराच वेळ नुसतं 'हं'. बारीक 'हं', लांब 'हं', मायेचा 'हं'. मधेच हसू. फोनातून बंदराचे भोंगे बाहेर येत होते आणि त्यांच्यावरून तिच्या नवऱ्याचा आवाज, आईशी बोलताना होतो तसा लहान झालेला. "जेवलास का," म्हातारी म्हणाली. "हं. जप हं."

बोलणं संपलं. शिंपीणबाईनं पडदा सारला.

खाटेवर इवलंसं अंग, पांघरुणात दडलेलं. टेबलावर पाण्याच्या भांड्याशिवाय काही नाही. ना डबा, ना पिशवी, ना कुणाची चप्पल खाली. म्हातारीनं फोन छातीशी धरला.

"आजी, हा फोन तुमचा नाही."

"मामानं दिला."

"मामा चुकले. कोण बोलत होतं?"

"रॉंग नंबर."

"रॉंग नंबरला जेवलास का विचारता?"

म्हातारी खिडकीकडे वळली. "विचारावं. उपाशी असेल तर?"

"काय काय बोललात त्याच्याशी?"

"काही नाही. तोच बोलतो. मी ऐकते."

आणखी काही निघेना. शिंपीणबाईनं तिची बोटं सोडवून फोन घेतला. वाळक्या शेंगांसारखी बोटं, जोर लावायची लाज वाटावी अशी. ती तशीच बारा नंबरला आली आणि सासूबाईंसमोरच नवऱ्याला फोन लावला, आवाज मोठा करून.

"आई? आत्ताच तर बोललो."

"माझ्याशी?" सासूबाई म्हणाल्या. "पायाचं हाड मोडलंय रे माझं, डोक्याचं नाही. पडल्यापासून तुझा आवाज मी आज ऐकतेय."

पलीकडे नुसते भोंगे. जन्मात पहिल्यांदा तो गप्प होता.

"मग... मग खोलीचं? तू हो म्हणालीस. मशिनं हलवायला."

"कुठली मशिनं?"

शिंपीणबाईनं सांगितलं. खोली, शेड, शनिवार, टेम्पो, चोरून बघितलेला फोन. सांगताना तिचा आवाज दोनदा उसवला. सासूबाई छताकडे बघत नव्हत्या आता. सुनेकडे बघत होत्या.

"म्हणून वेणी इतकी घट्ट घातलीस मघाशी."

शिंपीणबाईनं त्यांच्या वेणीची गाठ सैल केली.

"आणि मला विचारलं असतंस तर? चोरासारखी फोन बघत बसलीस, पण एकदा तोंड उघडलं नाहीस." मग फोनकडे तोंड करून, "आणि तू रे. आई आहे की पाटी आहे हे बघायच्या आधीच लिहायला सुरुवात करतोस. टेम्पो परत पाठव. माझी खाट कुठं पडायची ते मी आणि ही बघू."

"पण आई, मग हो म्हणालं कोण?"

मामा रिकामा ट्रे छातीशी धरून उभे. वॉर्डातल्या इतर खाटांवरूनही माना वळलेल्या.

सात नंबरचा पडदा हलला. म्हातारीनं तो आपल्या हातानं सारला होता.

"मी म्हटलं हो," ती म्हणाली. कुजबूज होती, पण सगळ्यांना ऐकू गेली. "पहिल्या दिवशी मला सांगायचं होतं, बाळा, मी तुझी आई नव्हे. पण तू आई म्हणालास आणि माझं तोंडच उघडेना. मग तू विचारलंस, तिला खोली सोडायला सांगू का. मला काय ठाऊक कुठली खोली, कोण ती. नाही म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस, आणि मला बोलावं लागलं असतं. बोलले असते तर आवाज ओळखला असतास. म्हणून हो म्हटलं पोरी, तुझी खोली देऊन टाकली मी."