आदाल्जेरोबाबांची नखं

आदाल्जेरोबाबा अजून गेले नव्हते, आणि त्यांच्या हाडांवरून मठात आणि खालच्या गावात आधीच जुंपली होती.

डोंगरावरचा हा मठ त्यांनी तीस वर्षांपूर्वी काट्याकुट्यांत उभा केला. संत म्हणून त्यांचं नाव झालं होतं. ते जिथे पुरले जातील तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं नवस बोलायला येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आता बाबांनी एकच धोशा लावला होता: खाली वाल्दोर्सा गावात माझी आंधळी बहीण आहे, तिला एकदा भेटवा. मठाचा द्वारपाल तेदाल्दो ऐकून न ऐकल्यासारखं करी. वाल्दोर्साची माणसं काय चीज आहेत ते त्याला चांगलं ठाऊक होतं. बाबांनी तिथेच डोळे मिटले तर ती कसली परत देतायत! मठाच्या वाट्याला काय, तर रिकामी खाट.

त्यात बाबांची भाची एर्मेल्लिना रोज खालून खेचर घेऊन दारात हजर. मामांसाठी चेस्टनटच्या पिठाची लापशी आणायची. तेदाल्दो आधी लापशी स्वतः चाखे, मग टोपली उपसे, मग खोगिराखालीही हात घालून बघे. खेचराच्या पाठीवर एवढं मऊ घोंगडं कशाला? म्हाताऱ्याला पळवायलाच ना!

त्या दिवशी टोपलीत कात्री निघाली. तेदाल्दोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झग्याचा तुकडा, केसांची बट, मिळेल ते कातरून न्यायचं आणि गावात पुजायचं, असा डाव होता तर. त्याने कात्री तिच्या नाकासमोर धरली.

"मामांच्या पायाची नखं कापायचीत," ती शांतपणे म्हणाली. "काल पांघरूण सरकलं तेव्हा दिसली. तुम्ही तर इथून हलत नाही, बंधू. तुम्हाला नाही दिसली?"

तेदाल्दोने पांघरूण उचललं. नखं वळून मांसात रुतली होती, अंगठे पिकले होते. तीन आठवडे तो उशाशी बसून होता. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मुठी उघडून पाहिल्या. पाय तेवढे पाहिले नाहीत. तो चरकला.

पण संशय असा थोडाच सुटतो! भाची नखं कापत होती आणि हा एकेक तुकडा उचलून फडक्यात ठेवत होता. बोटं दहा, तुकडे नऊ. त्याने तिला उभं करून झगा झटकायला लावला. दहावा तुकडा चादरीच्या चुणीत निघाला. त्याने फडकं बांधलं आणि अलगद अस्तनीत सारलं.

बाबा सगळं बघत होते.

"तेदाल्दो," ते म्हणाले, "दुखतंय का म्हणून एकदा तरी विचारलंस का रे मला? मी अजून जिवंत आहे."

त्याला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लाज, नुसती लाज वाटली.  मग अस्तनीतलं फडकं काढून त्याने शेगडीत टाकलं. जळक्या नखांचा घाण वास खोलीभर पसरला. तो वाकला आणि त्याने बाबांना दोन्ही हातांवर उचललं. त्यांच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

मठाचा कारभारी बंधू बोन्फिल्यो दार अडवून उभा राहिला. हे खाली गेले आणि तिकडेच संपले तर काय, असं त्याने दरडावून विचारलं.

"तर बहिणीजवळ जातील," तेदाल्दो म्हणाला. "बाजूला हो. त्यांच्या पायांना लागेल."