भांडण त्यांचं, आमचं नाही

मित्रांनो, मला स्वस्थ उभं राहता येत नाही. मी एक जुना, लाकडी, डुलता घोडा आहे. कुणाचा धक्का लागला, दार जोरात आपटलं, की मी पुढे-मागे व्हायला लागतो आणि थांबायला बराच वेळ घेतो. त्यातून मी राहतो तिथे येणारं कुणीही स्वस्थ नसतं. जळगावच्या न्यायालयात मुलांसाठी एक खोली आहे. ज्यांचे आईवडील वेगळे राहतात, ती मुलं तिथे आईला नाहीतर वडिलांना भेटायला येतात. त्या खोलीत, खिडकीखाली, माझी जागा आहे.

माझा जन्म मात्र जामनेरचा. कौतिक सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. त्याने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, सुतळीची आयाळ लावली, डोळ्यांच्या जागी काळे मणी बसवले. तोल बरोबर आहे का हे बघायला त्याने माझ्या पाठीवर ज्वारीचं पोतं ठेवलं आणि मला ढकललं. पोतं पडलं नाही तेव्हा तो एकटाच हसला. तेच माझं पहिलं कौतुक.

जळगावचे कापडाचे व्यापारी फुलचंदशेठ यांनी मला नातवासाठी, अर्हमसाठी, विकत घेतलं. पाहुणे आले की मला बैठकीत आणून दाखवायचे. अर्हम माझ्यावर बसून दूध प्यायचा, त्याची बहीण आयुषी माझ्या गळ्यात चुनरी बांधायची. मग दोघं मोठी झाली. मी आधी बैठकीतून गॅलरीत गेलो, गॅलरीतून माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागे. तिथे किती उन्हाळे गेले, सांगता येत नाही. एका कानावर उंदरांनी दात लावले.

दिवाळीच्या आवराआवरीत अर्हमच्या आजीला, प्रेमकुंवरबाईंना, मी सापडलो. त्यांची भाची वकील आहे. न्यायालयातल्या मुलांच्या खोलीला खेळणी हवीत असं ती बोलली होती. "घोड्याला मुलं पाहिजेत, माळा नको," असं म्हणून प्रेमकुंवरबाईंनी मला पुसलं, नवा रंग दिला आणि रिक्षात घालून धाडून दिलं.

मला वाटलं, आता मजा. पण मित्रांनो, या खोलीतली मुलं वेगळीच खेळतात. माझ्यावर बसतात, पण नजर दाराकडे असते. बाहेर पावलं वाजली की डुलणं थांबतं. ‘तारीख’ हा शब्द त्यांना पाढ्यांच्या आधी येतो. एका चिमुरडीने तर माझ्या कानात विचारलं होतं, "तुला कशासाठी पकडून आणलं?" न्यायालयात वाईट माणसांना आणतात, एवढंच तिला माहीत होतं. म्हणजे आपणही काहीतरी केलं असणार, असं तिला वाटत होतं. मी नुसता डुललो.

एका दिवशी तेजस आणि डिंपल आले. तेजस पहिलीत, डिंपल त्याची थोरली बहीण. वडील हेमराज, रावेरकडचे केळीचे शेतकरी. त्यांच्या बाह्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे, कितीही धुतले तरी न जाणारे. आई कामिनी मुलांना घेऊन जळगावातल्याच पिंप्राळ्यात भावाच्या घरी राहायची आणि एका औषधाच्या दुकानात काम करायची. दोघांचं पटत नव्हतं. खूप वेळा समजावून झालं, मोठ्यांच्या बैठकाही झाल्या. शेवटी वेगळं व्हायचं दोघांनी शांतपणे ठरवलं. वकील खूश होते, कारण मुलांवरूनही वाद उरला नव्हता. तेजस वडिलांकडे, डिंपल आईकडे. एकेक वाटून घेतलं. त्या दिवशी फक्त न्यायाधीशांसमोर ते पक्कं व्हायचं होतं.

मुलांना माझ्या खोलीत बसवून सगळे आत गेले. तेजस टुणकन माझ्यावर चढला. डिंपल खेळली नाही. ती माझ्यापुढे जमिनीवर बसली आणि तिने त्याच्या बुटाची नाडी सोडली.

"बघ. हा एक कान, हा दुसरा कान. आता तू बांध."

"तू बांध ना!"

"नाही. तूच बांध." तिचा आवाज घाईचा होता. "आणि रावेरच्या आजीला सांगायचं, मला झोपताना दिवा लागतो. एसटीत खिडकीपाशी बसायचं, नाहीतर तुला उलटी होते. वांग्याची भाजी नको असली तर रडायचं नाही, थोडी खायची. परत बांध नाडी."

तेजसने बांधली, ती सुटली. डिंपलने पुन्हा सोडली, पुन्हा बांधायला लावली. त्याची बोटं गुंतली, तो चिडला आणि माझ्यावर जोरजोरात डुलायला लागला. ती माझी आयाळ धरून मला थांबवायला बघत होती. मी थांबत नव्हतो.

खोलीत मयुरीताई होत्या. त्या न्यायालयाच्या समुपदेशक. भांडणाऱ्या मोठ्यांशी आणि गप्प बसलेल्या मुलांशी बोलणं हे त्यांचं काम. त्या जवळ येऊन बसल्या.

"डिंपल, एवढी घाई कशाची गं?"

"आजपासून तो पप्पांकडे जाणार. तिथे त्याला हे कोण शिकवणार?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मम्मी फोनवर वकिलांशी बोलत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकलं."

"तुम्हाला दोघांना विचारलं होतं का कुणी?"

डिंपलने मान वर केली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "विचारायचं असतं का?" ती म्हणाली.

मयुरीताई उठल्या आणि भरभर बाहेर गेल्या. दार त्यांच्यामागे आपटलं. मी डुलत राहिलो.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर न्यायाधीशबाई होत्या. काळा कोट काढून ठेवून आल्या होत्या. मुलांच्या बुटक्या स्टुलावर त्या बसल्या, तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. तेजसला हसू आलं. मग लगेच तो घाबरला.

"तुम्ही शिक्षा देता ना?" त्याने विचारलं.

"तुम्ही काही केलेलंच नाही, तर शिक्षा कशाची?" त्या म्हणाल्या. "आणि मम्मी हवी की पप्पा हवेत, हेही मी विचारणार नाही. मला फक्त सांगा, तुम्ही दिवसभर काय काय करता?"

मग तेजस सुटलाच. शाळा, मामाची गाडी, ताई डबा भरते, ताई कोड्यात हरवते, ताई चिमटा काढते पण जोरात नाही. न्यायाधीशबाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी डिंपलकडे पाहिलं.

"तुला काही सांगायचंय?"

डिंपलने फ्रॉकची किनार पिळली. "मम्मी-पप्पांना वेगळं राहायचं तर राहू दे," ती म्हणाली. "भांडण त्यांचं आहे. आमचं दोघांचं नाही. आमचं तर पटतं."



न्यायाधीशबाईंनी आईवडिलांना तिथेच बोलावलं. हेमराजची आई, धुरपदाबाई, त्याही आल्या. मुलांना मयुरीताईंनी पाणी प्यायला बाहेर नेलं. दार उघडंच राहिलं.

"या कागदावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या बाजूने वकील आहेत. ज्यांची ताटातूट होणार, त्यांच्या बाजूने यात कुणीच नाही. मुलांचं हित आधी बघ, असं कायदा मला सांगतो. तुमची संमती त्याच्यानंतर येते. मुलांबद्दलचा हा भाग मी आज मंजूर करणार नाही."

धुरपदाबाई कळवळल्या. "बाई, पोरगी मायपाशी बरी राह्यते. पण पोऱ्या आमचा हाये. त्याले वावर कोन दाखवीन? मले तो पाह्यजे."

"आजी, तुमची माया मला कळते. पण त्याची बहीणही त्याचीच आहे."

कामिनी हुंदका दाबून म्हणाली, "मॅडम, मीच हो म्हटलं. हो म्हटलं नसतं तर दोघांसाठी भांडावं लागलं असतं. मला भांडायची ताकदच उरली नव्हती."

हेमराज बाह्यांवरचे डाग अंगठ्याने घासत राहिला.

पुढची तारीख मिळाली. तोवर दोघं मुलं आईकडे राहतील, दर शनिवारी वडील इथे येऊन दोघांना भेटतील आणि मोठ्यांनी मयुरीताईंशी बोलावं, असं ठरलं.

ते शनिवार फार अस्वस्थ होते, मित्रांनो. हेमराज लवकर यायचा आणि खोलीत येरझारा घालायचा. पिशवीत वेफर्स असायचे, घरच्या केळीचे. मुलं आली की "अभ्यास करता का?" विचारायचा. "करतो," उत्तर यायचं. मग तेजस माझ्यावर चढायचा आणि मला असा पळवायचा, की एकदा माझ्या तळाच्या पट्टीचा स्क्रूच ढिला झाला. मी एका बाजूला कलंडलो.

"थांब, मी करतो," म्हणत हेमराज जमिनीवर आडवा झाला आणि खिशातल्या नाण्याने स्क्रू आवळू लागला. तेजस मयुरीताईंना बोलवायला धावला. डिंपलने मला धरून ठेवलं होतं. वडिलांचा चेहरा माझ्या पोटाखाली होता, तिला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच दोघांना बोलता आलं.

"डिंपल," खालून आवाज आला, "तुले माह्याकडं राहायचं नव्हतं न?"

तिचे हात माझ्या मानेवर घट्ट झाले.

"मला कुणी विचारलंच नाही, पप्पा. तुम्ही फक्त तेजसला मागितलं."

नाणं थांबलं. मग ते फरशीवर पडून घरंगळत गेलं. हेमराजने ते उचललं नाही. तो तसाच पडून राहिला. माझ्या पोटाखालचं त्याचं तोंड फक्त मला दिसत होतं, आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही.

"मले वाटलं, तू मायची," तो शेवटी म्हणाला. "मले वाटलं, तू येनारच नई. म्हनून मागितलंच नई."

"मागायचं होतं," डिंपल म्हणाली. "मी आले नसते तरी मागायचं होतं."

एवढंच. मग तेजस ओरडत आला. हेमराज उठून बसला आणि ज्या बाहीवर चिकाचे डाग होते त्याच बाहीने त्याने तोंड पुसलं. स्क्रू अर्धाच आवळला गेला होता. आजही मी डुलताना डाव्या बाजूला थोडा कुरकुरतो.

पुढच्या तारखेच्या आधी धुरपदाबाई मयुरीताईंना भेटायला आल्या नाहीत. त्या रुसल्या होत्या. हेमराज एकटा आला. तो मयुरीताईंना माझ्याच खोलीत म्हणाला, "ताई, मले दोन्ही लेकरं पाह्यजेत. पन मॅडमले सांगा, ती शाळेपुरती कामिनीपाशी राहोत. दोघं सोबत राहोत. माह्याकडं आली का दोघं सोबत येवोत. एकटा पोऱ्या मले नको. एकटी पोरगीबी नको."

हे बोलायला त्याला किती जड गेलं, ते मी पाहिलं. रावेरच्या घरात तेजससाठी त्याने खाट करून घेतली होती. ती बरेच दिवस रिकामी राहणार होती.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाई पुन्हा त्या बुटक्या स्टुलावर बसल्या. आदेश त्यांनी आधी मोठ्यांना वाचून दाखवला होता. आता त्यांनी तो मुलांना साध्या शब्दांत सांगितला. शाळा चालू असताना दोघं पिंप्राळ्यात, आईकडे. एकाआड एक शनिवार-रविवार दोघं रावेरला, पप्पांकडे. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी, पण दोघं नेहमी बरोबर. शाळेतल्या पालकसभेला मम्मी-पप्पा दोघांनाही बोलावणं जाईल.

"सगळं गोड होणार नाही," त्या म्हणाल्या. "पप्पांना सोडून येताना रडू येईल. तुम्हाला आणि त्यांनाही. काही अडचण आली तर मयुरीताईंना सांगायचं. कळलं?"

तेजसने मान हलवली. "आजी ओरडली तर?"

"आजीला थोडा वेळ द्या."

"मग रावेरला ताईची खाट कुठे?" तेजसने वडिलांना विचारलं.

हेमराज गडबडला. "करतो न. कालच सुताराले सांगितलं," तो म्हणाला आणि डिंपलकडे पाहत राहिला.

न्यायाधीशबाई उठता उठता थांबल्या. "डिंपल, आणखी काही सांगायचंय?"

"हो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आधी विचारा."

मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. न्यायाधीशबाई मात्र हसल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "आधीच विचारायला हवं होतं."

मित्रांनो, ती मुलं गेली. माझी खोली रिकामी होत नाही. हल्ली एक मुलगा येतो, त्याने अजून माझ्याकडे पाहिलेलंही नाही. तो दाराच्या कोपऱ्यात उभा राहून बाहेर काय बोलतात ते ऐकत असतो. मला त्याला हाक मारता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात तुमच्याबद्दल काही ठरत असेल, तर दाराआडून ऐकत बसू नका. आत जा. "हे माझ्याबद्दल आहे का?" असं विचारा. घरात कुणी ऐकलं नाही, तर शाळेतल्या बाईंना सांगा, मयुरीताईंसारख्या कुणाला तरी सांगा. तो तुमचा हक्क आहे.

आणि हे वाचून दाखवणारी मोठी माणसं जवळ असतील, तर त्यांना एवढंच सांगतो. पोराने दार उघडलं, तर बोलणं थांबवून त्याला आत घ्या.