पाहुणे असेपर्यंत

“सफेद कागज नक्को, लाल लगाव,” पोलीस जमादार शिडीखालून म्हणाला. “मेहमानां की नजर पडना.”

विरुपाक्ष बुरूड मुकाट्यानं लाल कागद चिकटवू लागला. सत्तेचाळीस सालची थंडी होती. गुलबर्ग्यात हॉकीचे मोठे सामने भरले होते. मुंबई-मद्रासचे संघ आले होते, विलायतेच्या वर्तमानपत्रांचे बातमीदारही आले होते. निजामाच्या राज्यात सगळे सुखात आहेत, हे त्यांनी जगाला सांगायचं होतं. आज शेवटचा सामना, म्हणून मैदानाच्या दारात ही कमान. बाजारातला सगळा बांबू असल्या कमानींसाठी उचलून आणला होता.

“ही कमान न्हाई अण्णा, विमान दिसायलंय,” पानवाला शंकरप्पा म्हणाला. “सायबाला बसवून न्यायलास का काय?”

विरुपाक्षानं वर पाहिलं. खरं होतं. लिंगायताच्या घरी माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, बांबूच्या सजवलेल्या विमानातून वाजत-गाजत नेतात आणि बसलेलाच पुरतात. ती विमानं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. हाताला तेच वळण पडलं होतं.

शिडीपाशी जगदेवी येऊन उभी राहिली. तिचा नवरा सिद्धप्पा गावोगाव फिरून कापड विकायचा. बसवकल्याणच्या वाटेवर निजामाच्या बाजूच्या घोडेस्वारांनी त्याचा गठ्ठा लुटला आणि गोळी घातली. तेव्हापासून खांद्यातली जखम सडत होती.

“अण्णा, ह्ये गेले.”

“कवा?”

“आत्ताच. मांडी घालून भिंतीला टेकवलंय, सासूनं धरलंय. विमान पायजे.”

विरुपाक्ष खाली उतरला. उशीर करून चालणार नव्हतं. अंग ताठरलं की माणूस बसत नाही.

“सायेब, चार काठ्या सोडा. कमान जरा बारीक करतो.”

“नक्को. मेहमानां हैं तब तक रस्ते पर मय्यत नक्को, बाजा नक्को. ऊपर का हुकूम है. गोली लगेला आदमी, कोई फोटू निकाला तो?” जमादारानं आवाज उतरवला. “पीछे की गल्ली से लेजाव. गाडी पे लिटाव, ऊपर से कडबा डालो.”

“आडवं?” जगदेवी म्हणाली. “कडब्याखाली? त्येनी काय चोरी केली व्हती?”

जमादार तिच्याकडे न पाहता म्हणाला, “मेहमानां हैं तब तक तुम लोगां सुकून में हैं, बहेन. शाम की गाडी से वो जातें. उसके बाद घर से बाहर निकलू नक्को.”

शंकरप्पानं पानाच्या टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि घराकडं निघालेल्या विरुपाक्ष-जगदेवीच्या मागोमाग तोही चालू लागला.

जगदेवीच्या घरात बांबूची एकही काठी नव्हती. विरुपाक्षानं आपलं एक मनगट धरलं, दुसऱ्या हातानं शंकरप्पाचं. शंकरप्पानंही तसंच केलं. चार हातांची चौकट झाली. तिच्यावर सिद्धप्पाला बसवलं; कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. मान कलू नये म्हणून जगदेवीनं मागून दोन्ही तळव्यांत डोकं धरलं. पुढं जंगम आणि फावडी घेतलेले दोन भाऊबंद चालले.

मागच्या बोळातून ते निघाले. मैदानाकडून टाळ्यांचा कडकडाट आला. परसदारी भांडी घासणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. सगळे पुढं गेल्यावर एकेका दाराची कडी लागल्याचा आवाज येत राहिला.

“दमलास व्हय?” विरुपाक्षानं विचारलं.

“दमलो तर काय करतूस?”

“दुसऱ्याला देऊ.”

“द्यायचं म्हंजी हात सोडावे लागतील.”

“मग राहू दे.”

गावाबाहेर खड्डा खणून सिद्धप्पाला आतल्या कोनाड्यात बसवलं, जंगमानं मंत्र म्हटले. विरुपाक्षाची आखडलेली बोटं उघडेनात. तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली. सगळे थांबले. आवाज सोलापूरच्या दिशेनं लांब जात जात विरला.

“गेले पाव्हणे,” शंकरप्पा म्हणाला.

ऊन कलत होतं. फावडी उचलली गेली आणि माती भराभर पडू लागली.

“हळू टाका, अण्णा,” जगदेवी म्हणाली. “ह्ये बसल्यात.”