सोयरिकीच्या घरचा चहा

बसमध्ये बसल्या बसल्याच शुरननं वडिलांना बजावलं होतं, "बाबा, तिथं कसली परीक्षा घेऊ नका. दिलेला चहा प्यायचा आणि छान म्हणायचं."

"मी काय लहान आहे?" चेंग वेईलिन म्हणाला.

"लहान असतास तर एक धपाटा देऊन गप्प केलं असतं," पलीकडून त्याची बायको युएचू बोलली.

चेंगचं सगळं आयुष्य चीनमधल्या छीमनच्या सरकारी कारखान्यात काळा चहा चाखण्यात गेलं होतं. चहाचा घोट सुर्रकन ओढायचा, तोंडात खेळवायचा, थुंकायचा आणि निकाल द्यायचा. त्याच्या शब्दावर पेट्याच्या पेट्या परत जात. निवृत्त झाल्यावर गावातल्या नव्या चहाघरांतली पोरं त्याला बोलावू लागली. कोणत्या चहाबरोबर काय खावं, यावर तो तासन्‌तास बोले. अमुक चहाबरोबर खारवलेलं डुकराचं मांस, तमुक चहाबरोबर तिळाची वडी. लोक माना डोलवत, फोटो काढत. सगळे त्याला मास्तर म्हणत आणि त्यालाही ते आवडत असे.

आज मुलाची सोयरीक ठरवायला ते तिघं डोंगरातल्या खेड्यात निघाले होते. मुलगी लानसिन तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिचे वडील हू योंगगन गवंडीकाम करत. आई मागच्या थंडीत वारली होती. घरात आता बाप आणि लेक, एवढीच माणसं.

हू दारातच उभा होता. अंगात इस्त्रीचा सदरा, बोटांच्या भेगांत चुन्याचे पांढरे कण अडकलेले. त्यानं पाहुण्यांना मानाच्या खुर्च्यांवर बसवलं आणि रीतीप्रमाणे तीन वेळा चहापाणी केलं. आधी खजूर आणि शिंगाड्यांचं गोड पाणी आलं, मग उकडलेली अंडी आली. शेवटी लानसिननं साधा काळा चहा आणला. युएचू प्याली आणि म्हणाली, "छान आहे हो." शुरनही छान म्हणाला. हू मात्र चेंगकडे बघत राहिला. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ.

"मास्तर, तुम्ही सांगा. तुमच्यासमोर आम्ही कोण?"

चेंगनं घोट घेतला. सवयीनं सुर्र आवाज निघाला. बायकोनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण जीभ तोवर कामाला लागली होती. चहा बिघडलेला होता. आठवड्याच्या बाजारात कुणीतरी या भल्या माणसाला गंडवलं, असं चेंगला वाटलं. सोयऱ्याला सावध करणं आपलं काम आहे, हेही वाटलं. पुढं तो चहाघरात बोलायचा तसाच बोलत गेला.

"हूभाऊ, हा कुठून घेतलात? पुन्हा त्याच्याकडे जाऊ नका. पानं ओल्या फडक्याखाली तांबूस व्हायला ठेवतात ना, तशी ठेवली आणि विसरून गेला बेटा. आंबली. मग घाईघाईत ओल्या लाकडावर सुकवली, म्हणून हा धूर. हात शिकाऊ आहे. शिकाऊ कसला, या माणसानं याआधी चहाला हातच लावलेला नसणार." तो स्वतःच हसला. "असल्या चहाबरोबर एकच पदार्थ चालतो. आपला मिठात मुरवलेला, उग्र वासाचा मासा. त्याच्या वासापुढं चहाची अब्रू झाकली जाते."

कुणी हसलं नाही. शुरन कपात बघत होता. लानसिन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातात मोठी बशी होती आणि बशीत वासाचा मासाच होता.

"बरं झालं," हू म्हणाला. "आज मासा केलाच आहे."

"काका," लानसिन हळूच म्हणाली, "तो चहा बाबांनी केलाय. दर वर्षी आई करायची."

"लान, मासा गार होतोय. वाढ," हू म्हणाला.

चेंगच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं झटकन कप उचलला, आणखी एक घोट घेतला आणि म्हणाला, "नाही, आता जरा निवल्यावर बघा... मागून गोडी येतेय. चांगली गोडी आहे."

"राहू द्या मास्तर," हू शांतपणे म्हणाला. "जिभेला कशाला त्रास देताय? बिघडलाय हे मलाही कळलं होतं. पण घरातला द्यावा असं वाटलं."

सगळे जेवायला बसले. हूनं स्वतः माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा काढून चेंगच्या वाटीत ठेवला. न खाऊन चाललं नसतं. चेंगनं मासा खाल्ला, वर तोच चहा प्याला आणि त्याचा घास तोंडातच थांबला. जुळत होतं. खरोखर जुळत होतं. चहातला आंबटपणा माशाची चरबी कापत होता, धुरानं त्याचा उग्रपणा खाली बसत होता आणि मागं सोयाबीनच्या मसाल्याची गोड चव एकटी राहत होती. एवढी चांगली जोडी त्यानं कुठल्याही चहाघरात जुळवली नव्हती. त्यानं मान वर केली. हू मुकाट भात खात होता. आता हे बोललं तर कोण खरं मानणार? गोडीचं खोटं तर नुकतंच सांगून झालं होतं. चेंगनं मान खाली घातली आणि बशीतला मासा संपेपर्यंत वर बघितलं नाही. लाज वाटत होती, तरी त्याची जीभ मात्र चवीच्या नोंदी घेतच होती, आणि त्याची त्याला आणखी लाज वाटत होती.

परतीच्या बसमध्ये शुरन पुढं जाऊन ड्रायव्हरमागं उभा राहिला. युएचू म्हणाली, "माझ्या भाताला जन्मात नाव ठेवलं नाहीस. का? दुसऱ्या दिवशी उपाशी राहावं लागेल म्हणून. तिथं मात्र सुटलास."

"मला वाटलं, विकतचा आहे."

"विकतचा असता तर त्या माणसानं तुझ्या तोंडाकडं असं बघितलं असतं?"

हू कसा बघत होता ते चेंगला आता आठवलं. त्या वेळी त्याचं लक्ष फक्त कपाकडं होतं.

सोयरीक मोडली नाही. पोरांनी आपसात ठरवलं होतं आणि हूनंही निरोप पाठवला की शरदात लग्न उरकू. त्या निरोपात चहाचा उल्लेखही नव्हता. चेंगला वाटलं, माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. चहाघरातून बोलावणं आलं तेव्हा घसा बसलाय असं सांगून त्यानं ते टाळलं.

शेवटी एका सकाळी तो एकटाच बस पकडून त्या खेड्यात गेला. चहाची पुडी भेट म्हणून घेतली होती, ती निघतानाच युएचूनं दारात काढून ठेवून घेतली. "आणखी चहा? अक्कल कुठं ठेवलीस?"

हू घरामागच्या उतारावर चहाच्या झुडपांची उशिराची पानं खुडत होता. चेंगला बघून त्याला आश्चर्य वाटलं, पण तसं दाखवलं नाही.

"आलात? घ्या टोपली."

चेंगनं माफीची वाक्यं बसमध्ये घोकली होती. ती तशीच राहिली. दोघांनी मुकाट पानं खुडली, सुपांवर पसरून कोमेजू दिली. दुपारी हू म्हणाला, "आता मळायची. तुम्ही दाखवा, मी तसं करतो."

चेंगनं तळव्याखाली पानं धरली. थोडा वेळ गोल फिरवली. काही फाटली, काही तशीच कोरडी राहिली. मनगट भरून आलं. तो थांबला.

"हूभाऊ, मी आजवर कधी चहा केलेला नाही."

"म्हणजे?"

"कधीच नाही. माझ्यासमोर तयार चहाचे कप यायचे. मी नुसता नावं ठेवायचो."

हूनं हातातली पानं खाली ठेवली. तो हसेल, टोमणा मारेल, असं चेंगला वाटलं. तसं व्हावं असंही वाटलं. हू फक्त "बरं" म्हणाला, शेजारी सरकला आणि चेंगच्या सुपातली अर्धी पानं त्यानं आपल्याकडं ओढली.

फडकं किती वेळ ठेवायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. "बायको वासावरून ओळखायची," हू म्हणाला. चेंगला आंबण्याची धास्ती होती, म्हणून तो लवकर काढा, लवकर काढा म्हणत राहिला. कोळशावर सुकवून चहा झाला. हूनं दोन कप भरले आणि पुन्हा तसंच ताठ बसून विचारलं, "कसा?"

"कच्चा राहिला. गवतासारखा लागतोय. माझ्यामुळे. मीच काढायला लावला."

हूनं घोट घेऊन मान डोलावली.

"आणि त्या दिवशीचा," चेंग कपाकडं बघत म्हणाला, "तो माशाबरोबर फार चांगला जुळत होता. खरं सांगतो. मी चेष्टेत बोललो होतो, पण खाल्ल्यावर कळलं. तुमच्या मुलीच्या हातचा मासा आणि तुमचा चहा. तशी चव मी आजवर घेतलेली नाही."

हूनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तेव्हा सांगायचं होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. चेंगनं "हो" म्हटलं आणि तो कच्चा चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.